दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर

नॉर्वेतल्या बर्गनच्या बाल-आरोग्य केंद्रात आम्ही वजनासाठी थांबलो होतो. लेक माझ्या छातीशी झोपली होती, म्हणून मी हलतही नव्हते. शेजारच्या बाकावर एक जोडपं होतं. तान्ही मुलगी नवऱ्याच्या मांडीवर आणि बायकोच्या मांडीवर गणिताची जुनी वही.

"सुनिवा, सोमवारी चाचणी आहे. विचारू का एखादं?"

"विचार. नापास झाले तर एमएस्सीची जागा जाणारच आहे."

"हे समीकरण घे. नऊ वर्षांपूर्वी तूच सोडवलंयस, खाली 'उत्तम' असा शेरा आहे बघ."

"अक्षर माझंच आहे रे तुरगाइर. पण दुसऱ्या ओळीवरून मी तिसरीवर कशी गेले, तेच कळत नाही."

"मग पहिलीपासून सुरू कर."

"तीन आठवडे तेच करतेय. ही उठते, की मी परत पहिल्या ओळीवर."

"समुद्राचे प्रवाह शिकायला निघालेली बाई वहीतच बुडाली म्हणायची."

"हसू नकोस ना."

"बरं, नाही हसत. रविवारी आई येतेय. ती हिला सांभाळेल, तू दिवसभर अभ्यासाला बस."

"आईंना येऊ नका म्हणून कळव."

"का गं?"

"जागा सोडली मी. विद्यापीठाला मेल पाठवली."

"कधी?"

"आत्ताच. तू हिचे मोजे काढत होतास तेव्हा."

"सुनिवा, फोन दे इकडे."

"ऊठ, आपल्याला आत बोलावतायत."