दाढेचा परदेश प्रवास

दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंना हसलं की कळ येत होती. शेजारचं जोडपं मात्र थांबायला तयार नव्हतं.

"अहो, अडलंय कुठे?"

"एक्स-रे उघडत नाही. समुद्रातली इंटरनेटची केबल तुटलीय म्हणे."

"तुमच्या दाढेचा समुद्राशी काय संबंध?"

"फोटो परदेशातल्या सर्व्हरवर असतो."

"काल इथेच काढला ना?"

"काढला इथे, ठेवला तिकडे."

"लग्न झाल्यापासून मला गावाबाहेर नेलं नाहीत, आणि दाढ परदेशात!"

"हळू बोल गं."

"मग आज अंदाजानं उपटणार?"

"छे! केबल जोडेपर्यंत गोळ्या घ्या म्हणाले."

"घ्या. पण डॉक्टरांना सांगून ठेवा."

"काय?"

"दाढ निघाली की आमच्या हातात द्या म्हणावं. नाहीतर तीही जायची तिकडे."