ओढ्याकडे धरलेला फोन

मंडळी, बसा. मागच्यांनीही बसून घ्या, बाकं पुरतील. एवढ्या पावसात तुम्ही अण्णांच्या शोकसभेला वाडीवरून उतरून आलात, महाडहून अण्णांच्या सोबतचे टेलिफोनवाले आले. मला भाषण जमत नाय. मी पोलादपूरच्या स्टँडवर जीप लावणारा माणूस. पण मला बोललंच पाहिजे. कारण अण्णा त्या दिवशी वाडीवर निघाले ते माझ्या शब्दावर.

दामूअण्णांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. वरच्या वाडीतला पहिला फोन त्यांच्याच ओटीवर आला. तेव्हापासूनची आपली पद्धत. पाऊस वाढला की वरून फोन लावायचा आणि रिसीव्हर ओढ्याकडे धरायचा. बोलायचं काहीच नाय. खाली स्टँडवर आम्ही पाणी ऐकायचं आणि वर जायचं की नाय ते ठरवायचं. तारेतून ओढा जसाच्या तसा यायचा. पुढे तार गेली, मोबाईल आले. पद्धत तीच राहिली.

अण्णांना ते खटकायचं. चहा पिताना म्हणायचे, इस्माईल, हा फोन आवाज नेतच नाय रे. जुना फोन आवाज मोजून मोजून पूर्ण पाठवायचा. याला जागा कमी, बोलणारे फार. म्हणून हा एका सेकंदाचे पन्नास तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात गळा कसा होता, सूर केवढा होता, तेवढंच वर्णन धाडतो. पलीकडचा फोन त्या वर्णनावरून आवाज नव्याने बनवतो. जे माणसाच्या बोलण्यासारखं वाटत नाय, ते बोलणाऱ्याचा फोन आधीच कचरा म्हणून काढून टाकतो. आणि कोणी बोलतच नसेल, तर लाईन तुटली असं वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच थोडी सळसळ घालतो.

मी हसलो. म्हटलं, अण्णा, रिटायर झालात, आता तरी एक्सचेंज सोडा. ते हसले नायत.

त्या दिवशी अण्णा माझ्या गाडीपाशीच उभे होते. हातात बायकोच्या औषधांची पिशवी. अण्णांच्या सुनेचा, सुमनताईंचा, वरून माझ्या मोबाईलवर फोन आला. त्यांनी नेहमीसारखा तो ओढ्याकडे धरला. मला हलकी सळसळ ऐकू आली.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणते सुमन?"

मी म्हटलं, "ओढा शांत हाय."

मी त्यांना वळणावर सोडलं. ते ओढ्यावरच्या साकवावर, त्या लहान पुलावर पोचले आणि वरून दरड घेऊन पाणी आलं.

सुमनताई बोलल्याच नायत, हे मी त्यांना सांगितलं नाय. एवढं एक वाक्य, मंडळी. ते सांगितलं असतं तर अण्णा जागीच थांबले असते. त्यांना कळलं असतं, की ती सळसळ ओढ्याची नव्हती, माझ्या फोनने बनवलेली होती. सुमनताई, रडू नका. तुम्हीच नंतर म्हणालात, पाण्याच्या आवाजात तुम्हाला स्वतःचा शब्द ऐकू येत नव्हता. तुमची चूक नाय. माझी हाय, आणि ती मी सगळ्यांसमोर कबूल करतो.

आता जरा इकडे लक्ष द्या. मी बोलायला उठलो तेव्हा दारात कोणीतरी म्हणालं, वर फोन लावला, सगळं शांत हाय, सभा संपली की चढू. कोण म्हणालं ते? दिनू, तू? वर कोणाशी बोललास? काय शब्द बोलले?

ऐकलंत? शब्द एकही नाय. फोन ओढ्याकडे धरला होता म्हणतो.

सकाळपासून पाऊस थांबलेला नाय. वर म्हातारी माणसं हायत, अण्णांची बायको हाय. तुम्ही इथून उठून त्याच साकवावरून जाणार होतात.

आज दोन मिनिटं उभं राहून मौन पाळू नका. फोन काढा. वर लावा आणि माणसाला बोलतं करा. पाणी कुठवर आलं, ते तोंडाने सांगायला लावा. डोंगराच्या बाजूचं घर सोडा म्हणावं. खालून कोणीही चढू नका.

अण्णा, मला माफ करा. माझा सलाम घ्या.

लावा फोन.