हौश्याची सुई आणि माळावरची गिधाडं

बाई, तुमी लिहून घेताय तर सांगतो, मी सोलापूरकडच्या मंद्रूपच्या पलीकडच्या वाडीतला. घर शेतकऱ्याचं, पण मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो, म्हणजे जखमा धुवायच्या, पट्टी बांधायची, डॉक्टर सांगतील ती सुई टोचायची. डॉक्टर आठवड्यातनं दोनदा यायचे, मी रोजचा, म्हणून गाव मलाच डाक्टर म्हणायचं. बायको तेवढी म्हणायची, डाक्टर, आधी आपल्या म्हशीचं शेण काढा.

काय सांगू तुमाला, त्या वेळचा आमचा माळ. मेलेलं जनावर आमी पुरत न्हवतो, चौघांनी ओढत माळावर न्यायचं आन् बाजूला थांबायचं. आधी लई उंचावर एक ठिपका दिसायचा, मग दोन, आन् बघता बघता चाळीस-पन्नास गिधाडं गिरक्या घेत खाली यायची, उतरताना पंखांचा आवाज असा, की कुणी मोठं जाजम झटकतंय. दिसायला वंगाळ, नागड्या मानेची, भांडखोर, पण दोन तासांत अख्ख्या बैलाची नुसती हाडं उरायची, वास न्हाय की माशी न्हाय. पोट एवढं भरायचं की त्यांना उडता यायचं न्हाय, मग ती माळावरनं पळत सुटायची, धोतर सावरत एसटी धरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. बिराप्पा त्यांची नक्कल करायचा आन् आमी हसून हसून बेजार.

बिराप्पा म्हणजे माझा जोडीदार, धनगर. त्याची मेंढरं त्याच माळावर, आन् दुपारची भाकरी आमची एकत्र. हंगामात गावातले लोक त्याला बोलवून शेतात मेंढरं बसवायचे, खत मिळतं की, आन् त्याच्या घरात धान्य यायचं.

माझा बैल हौश्या. म्हातारा झाला, खुब्यातनं गेला, बसला तो उठंना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता काय उपयोग न्हाय. पण तो माझ्याकडं बघून कण्हायचा, मला बघवंना. दवाखान्यात दुखणं थांबवायची सुई नवीन आली होती, डायक्लोफेनॅक नावाची, टोचली की जनावर शांत पडायचं. मी सहा दिवस टोचली, सकाळ-संध्याकाळ, गेला त्या दिवशीबी टोचली. लई शांत गेला बाई, माझ्या मांडीवर मान ठेवून.

माळावर नेला, गिधाडं आली, साफ करून गेली. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या झाडांवर बघतो तर ती बसलेली, पण माना खाली लोंबलेल्या, झोपल्यासारख्या. मग एकेक करून खाली पडायला लागली. मी तीसपर्यंत मोजली, मग मोजायची सोडून दिली.

गाव पारावर जमलं, डाक्टर काय म्हणतो म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आन् मी बोललो. कुणीतरी लांडग्यासाठी मढ्यावर विष टाकलंय, म्हणलं, कोकरं कुणाची गेलीत ते बघा. लांडग्यानं बिराप्पाचीच कोकरं नेली होती, नाव घ्यायची गरजच न्हवती. बिराप्पा उठून म्हणला, डाक्टर, तुझ्या हौश्यावर मी विष टाकीन व्हय रं? मी उठून घराकडं चालू लागलो. त्या सालापासनं त्याची मेंढरं कुणी शेतात बसवून घेतली न्हाईत. वर्षभर त्यानं दम काढला, मग होटगीकडं निघून गेला.

गिधाडं परत आलीच न्हाईत. मेलेली जनावरं माळावर कुजायला लागली, त्यांच्यावर कुत्री माजली, कळपानं फिरायला लागली. लांडग्यानं नेली न्हाईत एवढी मेंढरं त्या कुत्र्यांनी फाडली. हरणांची पाडसं गेली, ससे गेले, बाया-माणसं एकटीदुकटी माळ ओलांडंनात.

मग बऱ्याच वर्षांनी सोलापूरला आमचं ट्रेनिंग होतं. साहेबांनी पडद्यावर चित्र दाखवलं, झाडावर गिधाड, मान खाली लोंबलेली. म्हणाले, ही सुई जनावराच्या अंगात राहते, ते जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं जातात, देशभर अशीच मेली, म्हणून जनावरांसाठी ही सुई आता बंद. मला हौश्याच्या सहा दिवसांच्या सुया आठवल्या. देशभरचं मला ठाव न्हाय बाई, आमच्या माळावरची मात्र मी मारली. मायेनं मारली, पण मारली की.

तरी बिराप्पाकडं जायला मला लाजंनं लई वर्षं लागली. रिटायर झालो, तवा कुटं होटगीची वाट धरली. दोघंबी म्हातारे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, म्हणलं, आता शिव्या दे, मार, काय ते कर. तो रागावला न्हाय. मला हाताला धरून खाली बसवलं आन् म्हणला, म्हंजे आमच्या सिद्धूनं टाकलं न्हवतं?

सिद्धू त्याचा धाकटा भाऊ. त्या आठवड्यात तो बोलला होता, लांडग्याला एकदाचा संपवतो म्हणून. माझं पारावरचं बोलणं ऐकून बिराप्पाला वाटलं, ह्यानंच टाकलं. शपथा घेत होता पोरगा, तरी त्याला मारलं, घरातनं हाकलला. तो गुजरातेत गेला, ट्रकवर लागला. आई गेली तवाबी भाऊ भावाशी बोलला न्हाय. मला ह्यातलं काहीच ठाव न्हवतं बाई.

बिराप्पाची बायको चुलीपासनं म्हणली, भावजींचा नंबर हाय माझ्याकडं. बिराप्पा तिच्याकडं वळला. कवापासनं, म्हणला. ती म्हणली, तुमी इचारलंच न्हाय कवा. तिनं फोन लावला, बिराप्पानं माझ्या हातात दिला. तूच सांग, माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय.

मी सांगितलं. पलीकडनं गाडी बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता फोन ठेवतोय. तर म्हणला, डाक्टर, आता येतात का वो ती माळावर? मी म्हणलं, न्हाय बाबा. मग म्हणला, मी हिकडं कुटं जनावर मरून पडलेलं दिसलं की गाडी बाजूला घेऊन वर बघतो, सवय जाईना. आन् मग म्हणला, दादाकडं द्या. मी फोन दिला आन् बाहेर जाऊन मेंढरांत बसलो.

आता गावात जनावर मेलं की जेसीबी येतो, खड्डा काढतो, बुजवतो, अर्ध्या तासात काम. कोकणात म्हणे थोडी गिधाडं शिल्लक हायत. कोकण काय मला जमायचं न्हाय आता, गुडघे गेले. सिद्धू यात्रेला येतो म्हणलाय, आमी तिघं माळावर जाऊन बसणार हाय, दिसणार काहीच न्हाय, तरी.

तुमी हे तुमच्या परदेशातल्या नातवंडांना पाठवणार म्हणता, पाठवा. सुखी र्‍हावोत लेकरं. त्यांच्या तिकडं जी काय पाखरं असतील, ती त्यांना बोटानं दाखवायला मिळोत, माझ्यासारखी तोंडानं सांगायला लागू नयेत.