मूठभर तांदळाची सूट

"हॅलो?… कोण?… अगं रेमी! बोल, बोल. चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस झाल्यापासून आवाज अगदी रेडिओसारखा झालाय तुझा… नाही गं, झोपले नव्हते. भात टाकत होते. हो, चर्चच्या तांदळाची मूठ काढली की बाजूला. ती आधी, मग पाणी."

पी थांगीने, म्हणजे थांगी आजीने, ओला हात कमरेला गुंडाळलेल्या पुआनला पुसला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय ठरलं?… सूट? कसली सूट?… ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या बायकांनी चर्चसाठी मूठ काढायची नाही? का म्हणून? भात तर मी अजून खातेच ना!… हो, हो, प्रेमानेच ठरवलं असेल. अशा आहेत तरी किती जणी?… मी एकटीच? मग सरळ माझं नावच घ्यायचं होतं की!

"…पायऱ्या? माझ्या दारापर्यंत एकशे बासष्ट. मोजल्यात मी… तुझे गुडघे? अगं, चाळिशीची पोर तू!… नाही, मुलगा बंगळुरूलाच. करतो ना, रविवारी करतो फोन… दर रविवारी नाही.

"ते राहू दे, ऐक ना. याच तांदळावर प्रचारकांचा पगार निघतो, पलीकडच्या डोंगरावरची शाळा चालते, असं सभेत तूच सांगतेस. मग माझ्याच तांदळाला काय झालं?… कमी? माझा मुठीच्या तांदळाचा डबा कधी कमी भरलाय?"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. पी थांगीने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

"…हो. एकटीच्या मानाने जास्तच भरतो. आलं म्हणायचं तुझ्या लक्षात… नाही, शिजवते एकदाच. मूठ तीनदा काढते.

"…का म्हणजे? शनिवारी तांदूळ न्यायला तू आणि तुझी जोडीदारीण येता, तेव्हा डबा जड असला की तुम्ही दोघी जरा दम खायला बसता. गुळाचा चहा घेता. कोणाच्या सुनेने काय केलं ते सांगता. हलका असता तर दारातच पिशवीत ओतून चालत्या झाल्या असतात.

"…रेमी, कमिटीत बोलू नकोस हं हे. चोरलेत का मी? माझेच तांदूळ आहेत… दर शनिवारी नको येऊस, बाई. महिन्यातून एकदा ये. पण माझं नाव ठेव यादीत.

"…या शनिवारी? नक्की?… नको, निघताना फोन नको. सरळ दार वाजव… आता आणखी काय? कोणाचं लग्न मोडलं?… थांब, थांब! सांगू नकोस! सगळं इथेच संपवलंस तर वर येऊन काय बोलशील?… नाही, ठेवते. ठेवते म्हटलं ना!"

एरवी पलीकडच्याने फोन ठेवला तरी तो कानाशी धरून बसणाऱ्या पी थांगीने आज स्वतःच आधी ठेवला.