अण्णांनी जपलेलं इंजिन

आमच्या अण्णांच्या गाडीचं तुम्हाला सांगितलं का? इंजिन नव्यानं बांधून आणलं, तरी मागून निळा धूर. ऑइल जळत होतं.

मिस्त्री रफीकभाईंनी गाडी परत गॅरेजात घेतली. "काम माझं हाय, चूकबी माझीच असणार," म्हणाले. चारही प्लग काढले आणि बघतच राहिले. चारही सारखेच तेलकट.

"पिस्टनची एखादी रिंग बसवताना चुकली असती तर एकच प्लग भिजला असता. चारीच्या चारी कशा चुकतील? इंजिन पुन्हा खोलावं लागतंय."

तेवढ्यात अण्णांसोबत गॅरेजात आलेली आई म्हणाली, "पैठणच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला."

रफीकभाईंनी अण्णांकडं पाहिलं. "कितीनं चालवता?"

"तीसच्या वर नाय. नवं इंजिन हाय, जपायला नको व्हय?"

"अण्णा, जोर पडल्याबिगर नव्या रिंगा सिलेंडरला नीट बसत नाहीत. मग ऑइल वर जाऊन जळतं. खोलायच्या आधी गाडीत माणसं भरून कन्नडचा घाट चढवून बघू."

दुसऱ्या दिवशी चढवला. स्टेअरिंगवर रफीकभाई, मागं आम्ही तिघं, आणि पुढं अण्णा डोळे मिटून. दोनदा घाट उतरलो, दोनदा चढलो. दुसऱ्या खेपेला धूर विरळ होत होत दिसेनासाच झाला.

घरी आल्यावर शेजारच्या देशमुखांनी विचारलं, "धूर कसा काय थांबला?"

अण्णा गाडीवरनं फडकं फिरवत म्हणाले, "एवढे दिवस जपून चालवली ना, त्याचं फळ हाय."