होडीच्या पेटीवर

१९५२ साली, प्रत्येक उमेदवाराची त्याचं चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी असायची तेव्हा, ठाण्यात रेशनच्या रांगेत बाळकुम गावच्या दोघी माझ्यापुढे होत्या.

“सगुणा, तुझा नवरा परशुराम दिल्लीच्या निवडणुकीत पडला तो पडलाच, गावाशी बोलायचाही बंद झाला.”

“गावातून त्यांना एक मत नाय, ठमामावशी. तुझं तरी कुठं गेलं, मला विचारतात.”

“असं कसं? अख्ख्या गावानं त्याच्याच होडीच्या पेटीवर कागद ठेवला. हळदकुंकू वाहिलं, पुनवेला होडीला वाहतो तसं.”

“वर ठेवला? फटीतून आत टाकायचा होता गो. वरचे मोजतच नाय.”

“अगो बाई! मग सांग त्याला. तुझाही वरच राहिला असेल.”

“माझा आत गेला. त्यांनीच घरी शिकवलेलं.”

“मग एक तरी मत निघायला पाहिजे होतं.”

“शेजारच्या पेटीत टाकला, मावशी. दिल्लीला गेलेला माणूस परत येतो का?”