सातव्या चंद्राचा पहिला भाग

(पुस्तकांचं दुकान. काउंटरवर एक जाडजूड शब्दकोश.)

गिऱ्हाईक : नाही हो ताई, शब्दकोशच बांधून द्या. जन्मभर उपयोगी पडतो.

दुकानवाली : मुलीच्या चौदाव्या वाढदिवसाला शब्दकोश? दादा, बोलायची बंद होईल ती तुमच्याशी.

गिऱ्हाईक : बंदच आहे. मी मालवाहू जहाजावर असतो, इंजिनरूममध्ये. कितीतरी महिन्यांनी घरी येतो, तर हिचं आपलं ‘हं’, ‘बरं’ आणि ‘माहीत नाही’. एवढ्यावर सुट्टी संपत आली.

दुकानवाली : मग तिला शब्द कमी पडत नाहीयेत. हे बघा.

गिऱ्हाईक : मुखपृष्ठावर ही काय कोंबडी? हेल्मेट घातलेली?

दुकानवाली : ‘सातव्या चंद्राची पोरं’. पाच भाग आहेत. चंद्रावरच्या वस्तीतली तीन पोरं भंगारातून यान जोडतात. थोरली झिपरी, तिच्या हातात कायम पाना. कोंबडी चुकून आत राहते.

गिऱ्हाईक : भंगारातून यान? वेल्डिंग टिकेल का?

दुकानवाली : नाहीच टिकत! फुटतं, आणि मग झिपरी जे करते ना... नको. शेठ म्हणतात, मी पुस्तक विकण्याआधी सांगूनच संपवते.

गिऱ्हाईक : सांगा की. ठिगळ मारते?

दुकानवाली : वाचा आणि बघा.

गिऱ्हाईक : मी? अहो, पोरासोरांचं पुस्तक ते.

दुकानवाली : मी तिशी ओलांडलीय, दादा. तिसऱ्या भागापायी माझी शेवटची बस चुकली. चालत गेले घरी.

गिऱ्हाईक : बरं, पण तिनं आधीच वाचलं असलं तर?

दुकानवाली : विचारा फोन करून.

गिऱ्हाईक : बघतो. इंजिनानं कान गेलेत माझे, स्पीकरवरच लावतो हं... हॅलो, चिमणे?

मुलगी : हं.

गिऱ्हाईक : पुस्तकांच्या दुकानात आहे मी.

मुलगी : बरं. आणि चिमणी म्हणू नका.

गिऱ्हाईक : ते ‘सातव्या चंद्राची पोरं’ म्हणून काहीतरी आहे, तुला...

मुलगी : काय? बाबा! तुम्हाला कुणी सांगितलं? हातात आहे तुमच्या? कितवा?

गिऱ्हाईक : पहिला.

मुलगी : माझ्याकडे आहेत सगळे, मावशीनं दिलेत. पण तुम्ही घ्या ना! तुमच्यासाठी! सुरुवात जरा रटाळ आहे, पण तिथे सोडायचं नाही, शप्पथ घ्या. पुढे यान फुटतं, मग नुसती धमाल. आणि कोंबडीला काही होत नाही, आधीच सांगून ठेवते. तुम्हाला तर आवडणारच. सगळे नटबोल्ट, पंप... तो पंप बरोबर लिहिलाय का, ते कधीचं विचारायचं होतं मला.

गिऱ्हाईक : मग विचारलं का नाहीस गं?

मुलगी : तुम्ही आल्यापासून मार्कांचंच विचारताय.

गिऱ्हाईक : ...खरंय. चुकलंच माझं. काय झालं पंपाचं?

मुलगी : झिपरी घाईत उलटा बसवते, तरी पाणी वर चढतं. असं होतं?

गिऱ्हाईक : उलटा? छे! म्हणजे... पंप कुठला आहे, त्यावर आहे. थांब, वाचून सांगतो.

दुकानवाली : चौथं प्रकरण.

मुलगी : कोण बोललं?

गिऱ्हाईक : दुकानातल्या ताई. एका भागापायी यांची बस चुकली म्हणे.

मुलगी : तिसरा ना? बोगद्याचा?

दुकानवाली : बोगद्याचाच! तिथे कोण खाली ठेवेल गं पुस्तक?

मुलगी : कुणीच नाही!

गिऱ्हाईक : अगं, पण वाढदिवसाला तुला काय आणू?

मुलगी : काही नको. लवकर घरी या आणि पंप आतून कसा असतो ते चित्र काढून दाखवा.

गिऱ्हाईक : आलोच. ताई, पाचही भाग बांधा. परवा जहाजावर नेतो.

मुलगी : तिथे रोज किती वाचाल?

गिऱ्हाईक : कामाची पाळी संपल्यावर, डोळे मिटेपर्यंत. सावकाश वाचतो गं मी.

मुलगी : चालेल. पाचवा मीही अजून उघडला नाही.

गिऱ्हाईक : का?

मुलगी : तो वाचला की संपलंच ना सगळं. तुम्ही चौथ्याच्या शेवटापर्यंत या, बाबा. मी थांबते.